नाव मिळतंजुळतं आहे, पण गिऱ्हाईक फसतंय का? ट्रेडमार्कची नोटीस आलेल्यांसाठी

१४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिस्कीच्या दोन नावांच्या भांडणात निकाल दिला. 'ब्लेंडर्स प्राइड' ही जुनी, देशभर खपणारी व्हिस्की. इंदूरच्या एका उत्पादकाने 'लंडन प्राइड' नावाची व्हिस्की बाजारात आणली. 'ब्लेंडर्स प्राइड'च्या मोठ्या कंपनीचं म्हणणं असं, की 'प्राइड' शब्द उचलून आमचं गिऱ्हाईक फसवलं जातंय, बाटलीचा थाटही आमच्याच 'इंपीरियल ब्लू' या दुसऱ्या व्हिस्कीसारखा केलाय, तेव्हा विक्री थांबवा. इंदूरच्या व्यापारी न्यायालयाने तात्पुरती मनाई द्यायला नकार दिला. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं. मूळ दावा त्या दिवशी संपला नाही, तो चार महिन्यांत निकाली काढा असं खालच्या न्यायालयाला सांगण्यात आलं. पण एक गोष्ट पुन्हा स्पष्ट झाली: दोन नावांत एक शब्द सारखा असला म्हणजे गिऱ्हाईक फसतंच, असं धरून चालता येत नाही.

आपल्या भागात ही गोष्ट व्हिस्कीपुरती नाही. सांगलीची हळद पावडर, भडंग, तासगावचे बेदाणे, साताऱ्याचे कंदी पेढे, महाबळेश्वर-पाचगणीकडचे जॅम, कराडकडचा गूळ आणि काकवी. पूर्वी सुटा विकला जाणारा माल आता पाकिटातून जातो. पाकीट आलं की नाव आलं, आणि नाव जरा चाललं की एक दिवस पोस्टाने वकिलाची नोटीस येते. 'तुमचं नाव आमच्या अशिलाच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कशी भ्रामक साम्य असलेलं आहे. पंधरा दिवसांत वापर बंद करा, साठा नष्ट करा, नुकसानभरपाई द्या.' कागद इंग्रजीत असतो, भाषा दरडावणीची असते. घरातली मंडळी घाबरतात. छापून आणलेले पाउच भंगारात जातात, दुकानदारांकडून माल परत मागवला जातो, चार-पाच वर्षांची ओळख पुसली जाते. हे पाहिलं की मला वाईट वाटतं, कारण यातल्या बऱ्याच नोटिशींना चांगलं उत्तर असतं आणि ते कुणी देतच नाही.

ते उत्तर कसं उभं राहतं आणि कुठे उभं राहत नाही, ते पाहू.

कायदा नेमकं काय राखतो?

ट्रेडमार्क म्हणजे व्यापारचिन्ह. नाव, चित्र, अक्षरांची खास मांडणी, पाकिटाची रंगसंगती, अशी कोणतीही खूण जिच्यावरून हा माल कुणाचा हे गिऱ्हाइकाला कळतं. त्यासाठीचा कायदा १९९९ सालचा, आणि तो लागू झाला १५ सप्टेंबर २००३ पासून.

हा कायदा मराठी भाषेतला एखादा शब्द उचलून कुणाच्या सातबाऱ्यावर चढवत नाही. अमुक खूण दिसली की माल अमक्याचा, ही गिऱ्हाइकाच्या मनात बसलेली खात्री तो राखतो. त्यामुळे वादाचा प्रश्न 'दोन नावं सारखी आहेत का' इथे संपत नाही. त्या सारखेपणामुळे गिऱ्हाइकाचा गोंधळ उडण्याचा संभव आहे का, हा खरा प्रश्न. कायद्याच्या भाषेत यालाच भ्रामक साम्य म्हणतात.

गोंधळ दोन तऱ्हेचा असतो. एक, 'अ'चं पाकीट समजून 'ब'चं घेणं. दुसरा जरा आतला: पाकीट वेगळं आहे हे कळतं, पण 'त्याच घराण्यातला नवा माल दिसतोय' असं वाटतं. कायदा दोन्ही धरतो. आणि कुणी प्रत्यक्ष फसला याचा पुरावा नोटीस देणाऱ्याला आणावा लागत नाही, संभव दाखवला तरी पुरतं. मात्र तो संभव खराखुरा हवा. लाखात एखादा बेसावध माणूस चुकेल, एवढ्याने भागत नाही.

पुढे बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण मनाने रचतो. समजा, 'कृष्णातीर मसाले' नावाची जुनी, नोंदणी झालेली कंपनी आहे. मिरज तालुक्यातल्या एका कुटुंबाने 'कृष्णाधन हळद' सुरू केली आणि त्यांना नोटीस आली. दोन्ही नावं कल्पित आहेत, कुणा खऱ्या उत्पादकाशी त्यांचा संबंध जोडू नये.

कोणतं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे धरायचं?

सगळा वाद या एका प्रश्नावर फिरतो, म्हणून इथे थोडं थांबू.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना पाहा. व्यापारी पोत्यात हात घालतो, मूठभर हळकुंडं काढतो, एक मोडतो आणि आतला रंग पाहतो. ओल किती, गड्डा किती, पॉलिश कसं, हे तो बोटांनी ठरवतो. पोत्यावर कुठलं नाव छापलंय याकडे त्याचं लक्षही जात नाही. नावावरून हा माणूस फसेल, असं म्हणणं अवघड आहे.

आता आठवडी बाजारातली बाई पाहा. तिला दहा रुपयांची पुडी हवी आहे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताला पोर. ती म्हणते, "ती पिवळी द्या, नदीचं चित्र असलेली." पुडी हातात पडते, पैसे दिले जातात, ती पुढच्या पालाकडे वळते. दोन-तीन सेकंदांचा व्यवहार. हिची फसगत सहज होऊ शकते.

हळद तीच, गिऱ्हाईक वेगळं, म्हणून गोंधळाचं उत्तरही वेगळं. न्यायालयं कायम सांगत आली आहेत, की साधारण बुद्धीचा आणि अर्धवट आठवण ठेवणारा माणूस डोळ्यांपुढे धरा. दोन पाकिटं शेजारी ठेवून बारीक-सारीक फरक मोजणारा तज्ज्ञ नको. १९७२ साली पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हा न्यायालयाने हेच सांगितलं: दोन वेष्टनं समोरासमोर ठेवून फरक शोधत बसू नका, एकूण ठसा पाहा. त्या प्रकरणात निकाल पार्लेच्या बाजूने लागला.

म्हणून नोटिशीला उत्तर देताना पहिलं वाक्य 'आमचा लोगो निळा आहे, त्यांचा हिरवा' असं नसावं. आपला माल कोण घेतं, कुठे घेतं, किती पारखून घेतं, तिथून सुरुवात करावी. महाग वस्तू, जाणकार खरेदीदार, नाव घेऊन मागण्याची रीत, या गोष्टी 'गोंधळ होणार नाही' या बाजूला जातात. स्वस्त, रोजची, चित्र पाहून उचलली जाणारी वस्तू दुसऱ्या बाजूला जाते.

शब्द सगळ्यांचा असेल तर ओळख कशात?

गावात दोन-तीन तात्या असतातच. "तात्यांना बोलावून आण" म्हटलं की पोरगं विचारतं, "कुठले? गिरणीवाले का वरच्या आळीचे?" तात्या या हाकेने कुणाची ओळख पटत नाही, ओळख पुढच्या शब्दात असते, आणि त्यामुळे गावात कधी घोटाळा होत नाही. बाजारातही अनेकांच्या पाकिटावर असलेल्या शब्दाचं असंच होतं. गिऱ्हाइकाचं मन त्या शब्दावर थांबत नाही, ते उरलेल्या भागाकडे जातं.

न्यायालयांनी हे वेळोवेळी मानलं आहे. १९६९ साली 'प्रोटोव्हिट' आणि 'ड्रोपोव्हिट' या जीवनसत्त्वाच्या औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयात आला. 'व्हिट' हा तुकडा दोन्हीत होता, पण तो व्हिटॅमिनवरून आलेला, त्या धंद्यात सगळेच वापरत असलेला. नावांची सुरुवात पूर्ण वेगळी. गोंधळ होणार नाही, असं न्यायालय म्हणालं. १९९४ साली 'मायक्रोनिक्स' आणि 'मायक्रोटेल' या इलेक्ट्रॉनिक मालाच्या नावांतही तसंच झालं. 'मायक्रो' हे त्या तंत्राचं वर्णन, त्यावर एकट्याचा हक्क नाही, आणि 'निक्स' व 'टेल' कानाला आणि डोळ्याला वेगळे. 'ब्लेंडर्स प्राइड'च्या निकालात याच विचाराला पुढे नेलं आहे. 'प्राइड' हा शब्द दारूच्या धंद्यात अनेकांनी घेतलेला, मग नजर 'ब्लेंडर्स' आणि 'लंडन' यांवर जाते, आणि ते दोन शब्द तर कुठेच जुळत नाहीत.

कायद्याच्या कलम १७ मध्ये याचा पाया आहे. नोंदणी मिळते ती संपूर्ण चिन्हाला. त्यातल्या वेगळ्या नोंद न केलेल्या आणि धंद्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या तुकड्यावर त्या नोंदणीने एकाधिकार मिळत नाही. नोटीस देणारे हे कलम सहसा लिहीत नाहीत.

आता आपलं 'कृष्णा' घ्या. माहुलीला वेण्णा, कराडला कोयना, हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. या सगळ्या पट्ट्यात साखर कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत आणि खानावळीपासून पतसंस्थेपर्यंत हेच नाव आहे. शिवाय देवाचंही तेच. दिल्ली उच्च न्यायालयासमोर २०११ मध्ये तुपाच्या 'कृष्णा' नावाचा वाद होता. देवाचं आणि घराघरातलं हे नाव एकट्याच्या मालकीचं सहजी मानता येणार नाही, हा तिथला सूर होता. प्रतिस्पर्ध्याने आपलं स्वतःचं नाव सोबत नीट दिसेल असं छापावं, म्हणजे झालं. 'कृष्णाधन'वाल्यांच्या उत्तरात हा मुद्दा सर्वांत वर यायला हवा: 'कृष्णा' नदीचं आणि देवाचं नाव, 'तीर' आणि 'धन' यांचा उच्चार वेगळा, अर्थ वेगळा.

एक अट मात्र कडक आहे. 'हा शब्द सगळेच वापरतात' असं नुसतं म्हणून चालत नाही. ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर शोध घेऊन पन्नास नावांची यादी जोडली, तरी विरुद्ध बाजूचा वकील विचारतो, यातला किती माल खरंच बाजारात आहे? म्हणून दुकानांत मिळणारी पाकिटं विकत आणावीत, बिलं ठेवावीत, फलकांचे फोटो तारखेसह काढावेत. सांगलीच्या गणपती पेठेत एक दुपार फिरून जमलेला हा पुरावा त्या यादीपेक्षा जास्त कामाला येतो.

"पण अमृतधारा आणि लक्ष्मणधारा तर सारखीच ठरली!"

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो खरा आहे. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 'धारा' शब्द रूढ असला तरी खेड्यातला साधा माणूस औषधाच्या बाटलीचं नाव तुकडे पाडून ऐकत नाही. तो 'अमृतधारा' असं पूर्ण ऐकतो, 'लक्ष्मणधारा' असं पूर्ण ऐकतो, आणि दोन्हींचा नाद इतका जवळचा की गल्लत होईल.

म्हणजे तुकडे पाडायचे नाहीत, हा नियम दोन्हीकडे लागतो. 'कृष्णातीर'वाल्यांना फक्त 'कृष्णा' कापून दाखवता येत नाही, तसं 'कृष्णाधन'वाल्यांनाही 'कृष्णा' खोडून फक्त 'तीर' आणि 'धन' दाखवता येत नाही. संपूर्ण नाव मोठ्याने उच्चारून पाहायचं, आणि मग त्या संपूर्ण नावात मनावर ठसणारा भाग कोणता ते पाहायचं. 'कृष्णातीर' विरुद्ध 'कृष्णतीर' असतं, तर मी त्या कुटुंबाला नाव बदलायलाच सांगितलं असतं. एका मात्रेचा फरक फोनवर ऑर्डर देताना कुणाच्याच कानाला कळत नाही.

या निकालाचा शेवट मात्र फार कमी जण सांगतात. गल्लत होईल असं मानूनही न्यायालयाने 'लक्ष्मणधारा'ची नोंदणी पूर्ण नाकारली नाही, उत्तर प्रदेशातल्या विक्रीपुरती ती मिळू दिली. कारण ते नाव अनेक वर्षं उघडपणे चाललं होतं, आणि अमृतधारावाल्यांना त्याची कल्पना असूनही ते गप्प राहिले होते. आजच्या कायद्यात प्रामाणिक समांतर वापराची जागा कलम १२ मध्ये आहे. कलम ३३ सांगतं, की दुसऱ्याच्या नोंदणीकृत चिन्हाचा वापर माहीत असून सलग पाच वर्षं चालू दिला, तर नंतर तक्रार करता येत नाही, मात्र त्याची नोंदणी लबाडीने केलेली नसावी. दहा वर्षं शेजारीशेजारी धंदा झाला आणि एकाही गिऱ्हाइकाने चुकीच्या दारात तक्रार नेली नाही, तर ते सांगायलाच हवं.

"माल वेगळा आहे, मग भांडण कशाचं?"

नोंदणीसाठी जगातल्या सगळ्या मालाचे आणि सेवांचे ४५ वर्ग केलेले आहेत. हळद पावडर आणि मिठाई ३० व्या वर्गात, बेदाणे आणि दूध २९ व्यात, हॉटेल ४३ व्यात. पुष्कळांची समजूत अशी, की वर्ग वेगळा म्हणजे सुटलो, वर्ग तोच म्हणजे अडकलो. दोन्ही चूक.

कर्नाटकच्या सहकारी दूध महासंघाचं 'नंदिनी' दूध आणि बंगळूरचं 'नंदिनी डीलक्स' हॉटेल यांचा वाद २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. उच्चार जवळपास एकच. तरी न्यायालयाने हॉटेलवाल्यांची नोंदणी राखली. नंदिनी हे देवीचं आणि गाईचं नाव, कुणी नव्याने घडवलेला शब्द नाही. चिन्हांची मांडणी वेगळी. एकाचा धंदा दुधाचा, दुसऱ्याचा जेवणाचा. हॉटेलवाल्यांनी दूध आणि दुधाच्या पदार्थांवरचा दावा मात्र सोडला होता, आणि ते सोडणं मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे खरोखर गल्लत झाली असती, तेवढी जागा त्यांनी रिकामी केली.

उलट बाजूला १९६० च्या सुमाराचं 'ग्लुकोव्हिटा' आणि 'ग्लुव्हिटा'. एक ग्लुकोजची भुकटी, दुसरं बिस्किट. माल वेगळा, पण बिस्किटात ग्लुकोज पडतंच, तेव्हा दोन्ही एकाच घरची वाटतील, असं न्यायालय म्हणालं.

"माझं पाकीट तर पूर्ण वेगळं आहे"

इथे दोन प्रकारचे दावे वेगळे ओळखावे लागतात, कारण उत्तर त्यावर बदलतं.

समोरच्याकडे नोंदणी असेल तर तो 'चिन्हाच्या हक्काचा भंग' म्हणून दावा लावतो. नोंदणी नसली तरी त्याला 'पासिंग ऑफ'चा दावा लावता येतो. म्हणजे, 'माझ्या नावलौकिकावर हा आपला माल माझा म्हणून खपवतोय' ही तक्रार. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातला फरक सांगितला, आणि आजही तोच धरला जातो. पासिंग ऑफमध्ये पाकिटाचा रंग, चित्र, पत्ता, स्वतःचं नाव या सगळ्याने गोंधळ टळत असेल तर प्रतिवादी सुटू शकतो. हक्कभंगात मात्र नोंदवलेल्या चिन्हाचा गाभाच उचललेला असेल, तर पाकीट कितीही वेगळं करा, उपयोग होत नाही.

तेव्हा नोटीस वाचताना पहिल्यांदा नोंदणी क्रमांक शोधावा आणि संकेतस्थळावर तपासावा. नोंद नेमकी कशाची आहे? साध्या शब्दाची, की चित्रासह पूर्ण लेबलाची? नोंदणी चालू आहे की मुदत संपली? ती दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण लागतं. नोंद अजून अर्जाच्याच पायरीवर असेल तर हक्कभंगाची भाषा पोकळ ठरते. लेबलाची नोंद दाखवून त्यातल्या एका शब्दावर हक्क सांगणाऱ्या नोटिशीही असतात, त्यांना कलम १७ पुरतं.

गावाचं नाव आणि घरचं आडनाव

साताऱ्यात राजपथावर आणि मोती चौकाकडे पाहत चला. 'सातारी कंदी पेढे' ही अक्षरं फलकामागून फलकावर दिसतात. सातारकर त्या शब्दांवरून दुकान ठरवत नाही, मालकाचं नाव पाहून पायरी चढतो. गाव आणि पदार्थ सांगणाऱ्या अशा शब्दांची नोंदणी कलम ९ प्रमाणे सहसा मिळत नाही, आणि कलम ३५ मालाचं प्रामाणिक वर्णन करण्याची मुभा देतं. तेव्हा 'कंदी', 'सातारी', 'अस्सल', 'राजापुरी हळद' अशा शब्दांवरून कुणी दम देत असेल तर नीट उत्तर द्यावं.

सांगलीच्या हळदीची गोष्ट थोडी निराळी. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते एका दुकानाचं नसतं, त्या भागात ठरल्या गुणाचा माल पिकवणाऱ्या सगळ्यांचं असतं. बाहेरची हळद आणून 'सांगलीची' म्हणून विकली, तर 'वर्णनाचा शब्द आहे' हा बचाव चालणार नाही, तो वेगळ्याच कायद्याचा भंग आहे.

आडनावाचं काय? स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरायला कलम ३५ आड येत नाही. पण 'प्रामाणिकपणे' या शब्दावर सगळा भार आहे. 'महेंद्र अँड महेंद्र' नावाची कागद गिरणी आणि 'महिंद्रा अँड महिंद्रा' यांच्या २००१ सालच्या वादात गिरणीच्या बाजूने निकाल लागला नाही.

हा युक्तिवाद कुठे करू नये

इतकं वाचून कुणाला वाटेल, की कुठलंही नाव वाचवता येतं. तसं नाही, आणि खोटी आशा दाखवणं मला मान्य नाही.

नाव तेच आणि मालही तोच असेल, तर कलम २९ प्रमाणे न्यायालय गोंधळ होतोच असं गृहीत धरतं. तिथे 'गिऱ्हाईक फसत नाही' सांगत बसण्यापेक्षा, त्यांच्या आधीपासून आपण ते नाव सतत वापरत होतो का, हे पाहावं. तसं असेल तर कलम ३४ वाचवतं. पुण्यातलं १९९२ पासूनचं 'बर्गर किंग' आणि त्याच नावाची परदेशी कंपनी यांच्या बहुचर्चित लढाईत आधीच्या वापराचाच मुद्दा आला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयात स्थानिक हॉटेल जिंकलं आणि मग प्रकरण वर गेलं.

समोरचं नाव टाटांसारखं सर्वपरिचित असेल, तर गोंधळ नसला तरी त्या नावाचा गैरफायदा घेतल्याबद्दल कारवाई होऊ शकते. औषधांत तर कसोटी फार कडक. २००१ मधल्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या मलेरियाच्या औषधांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की इथे चूक झाली तर तिची किंमत जिवाने मोजावी लागेल. आयुर्वेदिक काढे आणि चूर्ण विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि जिथे नावही जवळचं, रंगही तोच, अक्षराचं वळणही तेच, कोपऱ्यातलं चित्रही तेच, तिथे हे योगायोगाने झालं यावर कुठलाही न्यायाधीश विश्वास ठेवत नाही. पाकीट रचताना समोर कुणाचं पाकीट ठेवलं होतं, हे पाकिटावरूनच कळतं. अशा वेळी नाव सोडावं.

नोटीस हातात पडल्यावर

कागद कुठला आहे ते आधी पाहावं. वकिलाच्या नोटिशीतले पंधरा दिवस त्यांनी स्वतः घातलेले असतात, कायद्याने नाही. तरी गप्प बसू नये, मुद्देसूद उत्तर द्यावं. आपण नोंदणीचा अर्ज केला असेल आणि कार्यालयाने 'आधीच्या नावाशी साम्य' म्हणून परीक्षण अहवाल पाठवला असेल, तर उत्तराला ३० दिवस असतात. अर्ज नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापल्यावर चार महिन्यांत कुणी विरोध नोंदवला आणि त्याची प्रत आपल्याला मिळाली, तर प्रतिउत्तराला दोन महिने. ही मुदत चुकली की अर्ज सोडून दिल्याचं मानलं जातं. उत्तम मुद्दे हाताशी असताना केवळ तारीख चुकल्यामुळे नाव गमावलेली माणसं आहेत.

दावा होईल असं वाटत असेल तर कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, न्यायालयात दाखल करून ठेवावं. ते ९० दिवस चालतं, आणि त्यामुळे आपलं म्हणणं न ऐकता मनाई हुकूम निघण्याचा धोका कमी होतो. ट्रेडमार्कचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली लागत नाही. समोरची कंपनी तिच्या स्वतःच्या धंद्याच्या गावीही तो लावू शकते, म्हणून कॅव्हेट कुठे द्यायचं हे वकिलाला विचारूनच ठरवावं. दावा सांगली किंवा साताऱ्यात लागला, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमुळे अपिलासाठी मुंबईच्या फेऱ्या टळतात.

आधार नसताना धमकावणाऱ्या नोटिशींवर कलम १४२ खाली आपल्यालाही दावा लावता येतो, हेही माहीत असावं. आणि नोंदणी झालेली नसताना पाकिटावर गोलातला 'आर' छापलेला असेल, तर उत्तर धाडण्याआधी तो काढावा. त्याबद्दल दंड होऊ शकतो, आणि समोरचा वकील पाकीट हातात घेतल्यावर पहिल्यांदा तेच पाहतो.

उत्तर लिहिताना शेवटची एक गोष्ट तपासावी, कारण ती पुढे अनेक वर्षं आपल्याला बांधून ठेवते. आज 'कृष्णाधन'वाल्यांनी लिहून दिलं, की 'कृष्णा' शब्द सगळ्यांचा, गिऱ्हाईक त्यावरून फसत नाही. याच बळावर त्यांना नोंदणी मिळाली. उद्या शेजारच्या गावात कुणी 'कृष्णाराज हळद' काढली, तर हे कुटुंब त्याला 'कृष्णा' शब्दावरून अडवू शकत नाही. त्यांचंच जुनं उत्तर नोंदणी कार्यालयाच्या फाइलमध्ये असतं आणि ते कुणालाही संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. तेव्हा सही करण्याआधी घरात बसून ठरवावं, आपली ओळख 'कृष्णा'त आहे की 'धन'मध्ये, आणि पुढच्या पाकिटावर 'धन' किती मोठं छापायचं.